धुमस न मारलेली जागा

"हे तळं मूळचं आहे की कोणी केलेलं?"

नोंदवाल्या बाईंनी हे विचारलं तेव्हा थोरली मांडीभर पाण्यात उभी होती. काखेत लव्हाळ्याची ओली पेंढी, हातात विळा. बाईंनी विचारलं ते एखाद्या लेकराचं वय विचारावं इतक्या सहज. पण समोरच्याच्या हातात कागद असला की साधा प्रश्न साधा राहत नाही, एवढं थोरलीला चाळीस वर्षांच्या आयुष्यात पुरतं कळलं होतं.

"मूळचं म्हणजे?" तिनं विचारलं.

"म्हणजे आपोआप झालेलं. निसर्गानं."

"आणि केलेलं असलं तर?"

"तर ते माझ्या यादीत येत नाही. मग त्याचं काय करायचं ते दुसरं खातं बघतं."

दुसरं खातं काय बघतं ते सांगायला बाईंची गरज नव्हती. तळ्याच्या पलीकडे भट्टीवाल्याचा खड्डा होता. विटांसाठी माती काढून काढून तो तळ्याच्या दिशेनं सरकत होता, भूक लागलेल्या जनावरासारखा. तळ्यातल्या काळ्या गाळावर भट्टीवाल्याचा डोळा होता आणि त्याचा अर्ज त्या दुसऱ्या खात्यात पडून होता, हे बांधाखालच्या आळीतल्या अकराही घरांना माहीत होतं. अकरा घरं लव्हाळ्याच्या चटया विणून जगत होती. तळं गेलं की चटई गेली, चटई गेली की माणसानं जायचं कुठं, ते कोणी बोलत नसे.

काठावर म्हातारा सासरा बसला होता. सुरीनं लव्हाळ्याची पात चिरत होता, अंगठ्याच्या नखानं सरळ करत होता. बाईंनी त्याच्याकडे मान वळवली.

"आजोबा, तुमच्या लहानपणी होतं का हे?"

म्हाताऱ्यानं तोंड उघडलं. त्याच्या लहानपणी इथं नुसती उतरण होती. तो सोळा वर्षांचा होता तेव्हा या अकरा घरांच्या बापजाद्यांनी दोन उन्हाळे खपून हे तळं खणलं होतं. निघालेल्या मातीचा बांध घातला होता, बांधाच्या पोटातून दगडी मोरी काढली होती. मातीचा थर टाकायचा, लाकडाचा जड धुमस उचलून दाणदाण आपटायचा, थर दगडासारखा झाला की दुसरा टाकायचा. आणि दुसऱ्या उन्हाळ्यात ताज्या मातीचा ढीग घसरून म्हाताऱ्याचा थोरला भाऊ खाली गेला होता. अर्धा दिवस उकरलं. उकरावं तेवढी वरून आणखी येत होती. शेवटी जाणत्यांनी हात टेकले. आभाळ भरून आलं होतं, बांध पुरा करायला हवा होता. भाऊ जिथं होता तिथंच ठेवला आणि वर माती ओढली. पण त्या दोन वावांच्या, जेमतेम दोन माणसांच्या लांबीच्या पट्ट्यात कोणी धुमस मारला नाही. सख्ख्या माणसाच्या छातीवर धुमस कोण मारणार?

हे सगळं म्हाताऱ्याच्या ओठांपर्यंत आलं असावं. पण थोरली आधी बोलली.

"मूळचं आहे, बाई. यांच्या आज्याच्याही आधीचं. याला माणसाची कुदळ लागलेली नाही."

म्हाताऱ्याच्या हातातली सुरी थांबली.

"खरं का, आजोबा? तुम्ही सगळ्यांत वयस्कर, तुमचं लिहावं लागेल."

म्हातारा सुनेकडे बघत राहिला. पाण्यातली ती, भिजलेली, डोळे रोखून उभी. पलीकडे भट्टीचा धूर.

"सून म्हणते ते खरं," तो म्हणाला आणि पुढं केलेल्या शाईवर अंगठा टेकवला.

बाई चांगल्या होत्या, हे सांगायलाच हवं. चिखलात बूट काढून चालायच्या. दुर्बिणीतून पक्षी बघून लहान पोरीसारख्या हरखायच्या. लव्हाळ्यातून दबकत चालणाऱ्या एका तपकिरी पक्ष्याचं त्यांनी वीतभर लांब नाव सांगितलं. थोरली म्हणाली, "आम्ही त्याला चोरपाय म्हणतो." बाईंनी तेही लिहून घेतलं. हा पक्षी आजूबाजूला कुठंच उरलेला नाही, इथंच कसा राहिला, याचं त्यांना फार नवल. नवल कसलं? लव्हाळा पाण्यावर वीतभर ठेवून कापला तर तो पुन्हा फुटतो. पाण्याखाली कापला तर पोकळ दांड्यातून पाणी मुळात शिरतं, मूळ कुजतं आणि तिथं उघडं पाणी राहतं. अकरा घरं दर वर्षी कुठं वर कापत, कुठं खाली कापत, आणि तळ्यात गल्ल्या पाडत. चोरपाय त्या गल्ल्यांत मासे धरायचा. बाईंनी गल्ल्या मोजल्या, पक्षी मोजले, पाण्याची खोली मोजली. गल्ल्या कोणी पाडल्या ते विचारायचं राहून गेलं. आणि त्या दिवशी थोरलीला ते सांगून चालणार नव्हतं.

त्या दिवशी म्हातारा जेवला नाही. ताट सरकवून म्हणाला, "सूनबाई, त्याला एकदा मातीनं पुरला होता. आज मी पुरला."

"मामंजी, तळं वाचलं."

"हो," म्हातारा म्हणाला. "वाचलं."

*

तळं वाचलं, म्हणजे काय झालं ते ऐका.

दोन महिन्यांत भट्टीवाल्याचा अर्ज परत आला. आळीत लोक एकमेकांच्या पाठीवर थापा मारत होते. आणखी महिन्यानं एक फलक आला, माणसापेक्षा उंच. त्यावर चोरपायाचं चित्र आणि खाली ओळी. थोरलीला वाचता येत होतं. तिनं पहिल्या दोन ओळी मोठ्यानं वाचल्या, तिसरीला आवाज खाली आला. लव्हाळा कापू नये. गाळ काढू नये. पाण्यात उतरू नये. नैसर्गिक स्थितीत कोणताही हस्तक्षेप करू नये.

"हस्तक्षेप म्हणजे?" थोरल्यानं, तिच्या नवऱ्यानं विचारलं.

"म्हणजे आपण," ती म्हणाली.

राखण करायला आळीतलाच एक माणूस घ्यायचा ठरलं आणि घेतला तो तिचा दीर, धाकटा. त्याला खाकी सदरा मिळाला, शिट्टी मिळाली, काठावर पत्र्याची टपरी मिळाली. सदरा दोन मापं मोठा होता. धाकटा घरात यायचा तेव्हा सदरा आधी यायचा, मागून तो.

"साहेब आले," थोरली म्हणायची. "पाण्यात न उतरता पाणी पिणार का साहेब?"

"वहिनी, चेष्टा पुरे. आम्हाला वर उत्तर द्यावं लागतं."

"आम्हाला! एका सदऱ्यात कितीजण राहता, भाऊजी?"

कापणीचे दिवस आले. लव्हाळ्याचे तुरे तपकिरी झाले. थोरल्यानं नेहमीप्रमाणे विळ्याला धार लावली, डोक्याला फडकं बांधलं आणि पाण्यात उतरला. शिट्टी वाजली. त्याला वाटलं, कुत्र्यासाठी असेल. पुन्हा वाजली.

"दादा, बाहेर ये."

"काय म्हणालास?"

"बाहेर ये म्हणालो. बघतायत लोक."

"अरे, तुला पोहायला मी शिकवलं या पाण्यात. चड्डी धरून धरून शिकवलं."

"म्हणून तर सांगतोय दादा, बाहेर ये. दुसरा असता तर नाव लिहिलं असतं."

अख्खी आळी बांधावर उभी होती. थोरला बाहेर आला. पायांवरून काळं पाणी निथळत होतं. धाकट्यानं खाली बघत हात पुढं केला. थोरल्यानं विळा त्याच्या हातात दिला, मूठ पुढं करून. कापणाऱ्या माणसाला विळा तसाच द्यायची सवय असते. धाकट्यानं टपरीत जाऊन विळ्याला सुतळीनं एक चिठ्ठी बांधली. 'हस्तक्षेपाचे साधन, एक.' महिनाभरात टपरीच्या खिळ्यांवर अशी अकरा साधनं लटकली.

दुसऱ्या आठवड्यात थोरला भट्टीवर कच्च्या विटा उचलायला गेला. आळीतले सगळेच गेले. ज्याच्यापासून तळं वाचवलं त्याच्याच दारात. भट्टीवाला खवचट नव्हता, ते एक बरं झालं. एवढंच म्हणाला, "या. तळं नाही दिलंत, माणसं दिलीत. माणसं महाग नसतात." थोरल्याच्या हातांची सालं गेली. लव्हाळ्याच्या पातीनं कापलेले हात रात्रीत भरून यायचे. विटेनं सोललेले येत नव्हते.

*

पहिल्या पावसाळ्यात काही कळलं नाही. दुसऱ्या वर्षी लव्हाळा मिटला.

दुसरा शब्द नाही. गल्ल्या बुजल्या. जुना लव्हाळा वाळला, आडवा पडला, त्यातून नवा उठला, त्यावर तो पडला. उघडं पाणी अंगणाएवढं उरलं, मग ताटाएवढं. खालून बुडबुडे यायला लागले आणि बुडबुडा फुटला की कुजक्या अंड्याचा वास. एका सकाळी मासे पोट वर करून काठाला लागले. आळीच्या विहिरीचं पाणी पिवळं आलं. चोरपाय गेला. फलकावर मात्र तो तसाच होता, एक पाय उचललेला.

आणि मोरी बंद होती. पूर्वी कापणी झाली की पाण्यात उतरणाऱ्या दगडी पायऱ्यांवरून माणूस छातीभर पाण्यात जायचा, मोरीचा लाकडी दट्ट्या काढायचा, निम्मं तळं खालच्या ओहोळात सोडायचा. मग गाळ काढून बांधावर टाकायचा. आता पायऱ्या लव्हाळ्याखाली, दट्ट्या गाळाखाली, आणि पाणी बांधाच्या खांद्यापर्यंत चढलं. बांधाच्या पलीकडे, तीन पुरुष उंचीनं खाली, आळीची छपरं.

म्हातारा आता विणत नव्हता. तो रोज बांधाच्या खालच्या अंगाला एका जागी जाऊन बसायचा. तिथं मातीतून पाणी पाझरत होतं. म्हातारा त्याखाली वाडगा धरायचा, भरला की उन्हाकडे करून बघायचा.

"काय बघता, मामंजी?"

"बांध पाझरतोच. नितळ आलं तर घाबरू नये. बांध घाम गाळतोय एवढंच." त्यानं वाडगा ओतला. "गढूळ आलं, म्हणजे पाणी मातीला घेऊन यायला लागलं. मग थांबू नये."

"ही कुठली जागा?"

म्हाताऱ्यानं तिच्याकडे बघितलं आणि ती समजली. दोन वावांचा पट्टा. धुमस न मारलेला.

त्याच आठवड्यात बाई आल्या. थोरलीनं त्यांना बांधावर गाठलं.

"बाई, बांध जाईल. मोरी उघडायला द्या."

बाईंनी नकाशा काढला. बोट फिरवलं. "ताई, इथं बांध नाही. काठ आहे."

"आपण ज्याच्यावर उभ्या आहोत तो?"

"तळं मूळचं असलं की त्याला काठ असतो. बांध नसतो. मोरी तर नसतेच. जे कागदावर नाही ते उघडायची परवानगी मी कशी मागू?"

"आणि मासे मेले ते? चोरपाय गेला तो?"

बाईंचा चेहरा उतरला. तो पक्षी गेल्याचं दुःख त्यांना खरंच होतं. "हा बदल आहे," त्या म्हणाल्या. "तळं हळूहळू भरत जातं, मग दलदल होते, मग जमीन. निसर्गात असंच असतं. त्याला आम्ही बिघाड म्हणत नाही."

"मी विळा लावला असता तर?"

"तो हस्तक्षेप झाला असता."

"म्हणजे मी हात लावला तर तळं बिघडलं, आणि हात लावला नाही म्हणून मेलं तर ते बदललं?"

बाईंनी नकाशाची घडी घातली. मग म्हणाल्या, "कुठली तरी मूळ स्थिती धरावी लागते, ताई. त्याच्याशी ताडून बघायचं. आम्ही पहिल्या नोंदीचा दिवस धरतो. कुठून तरी मोजायला लागतंच ना?"

"पहिल्या नोंदीच्या दिवशी मी पाण्यात होते. विळा घेऊन. तुम्ही पक्षी मोजलेत, दांडे मोजलेत. मला मोजलंत का?"

वारा सुटला. लव्हाळ्यातून ओली, जड सळसळ उठली. थोरलीनं ओठांवरून जीभ फिरवली. दोन वर्षं जे गिळलं होतं ते बाहेर काढायचं होतं.

"बाई, मी खोटं बोलले. तळं केलेलं आहे. याच अकरा घरांनी केलंय."

बाईंनी आजूबाजूला बघितलं. "हे मला आत्ता सांगू नका."

"मग कधी सांगू?"

"तुम्हाला कळतंय का? केलेलं म्हटलं की नाव यादीतून उडणार. त्याच आठवड्यात भट्टीवाल्याचा नवा अर्ज. आणि नुसतं म्हणून चालणार नाही, चौकशी लागेल, पुढचा हंगाम उजाडेल. आजोबांचा अंगठा आहे, खाली माझी सही आहे. पुरावा काय आहे तुमच्याकडे?"

"बांधात माणूस आहे."

"तुमचा जीव गुंतलाय, मला समजतं."

"जीव नाही, बाई. माणूस. मामंजींचा थोरला भाऊ. आपण उभ्या आहोत तिथून वीस पावलांवर."

बाईंना ते शब्दशः घ्यावं असं सुचलंच नाही. शिकलेल्या माणसाची ही एक अडचण असते. त्यांनी थोरलीच्या दंडावर हात ठेवला, पक्षी मोजायला चार दिवसांनी येते म्हणाल्या आणि उतरून गेल्या.

*

चौथ्या दिवशी सकाळी थोरली पाणी गाळत होती. म्हातारा दारात आला. त्याच्या हातात वाडगा होता. त्यानं तो तिच्यासमोर जमिनीवर ठेवला. वाडग्यात तळ दिसत नव्हता. चहासारखं पाणी, आणि बुडाशी बसत चाललेली बारीक लाल माती.

"सूनबाई," तो म्हणाला, "आळी उठव."

ती उठली आणि धावली ती आळीत नाही, टपरीवर. धाकटा सदऱ्याची बटणं लावत होता.

"भाऊजी, शिट्टी वाजवा."

"कोण उतरलंय?"

"बांध उतरतोय! वाजवा!"

धाकट्यानं वहिनीच्या तोंडाकडे बघितलं आणि बटणं तशीच सोडली. तो आळीतून शिट्टी फुंकत पळाला, गाल लाल होईपर्यंत. माणसं बाहेर आली. आधी शिव्या, मग प्रश्न, मग एकदम धावाधाव. म्हाताऱ्या बायकांना पाठुंगळी घेतलं, शेरडं सोडली, गाद्या तिथंच राहिल्या. समोरच्या उंचवट्यावर सगळी आळी जमा झाली. एक बाई विणायला घेतलेली अर्धी चटई गुंडाळून घेऊन आली होती. दोन वर्षांपूर्वीची अर्धी.

थोरला भट्टीवरून धावत आला तेव्हा थोरलीनं टपरीच्या खिळ्यांवरचे विळे खाली ओढले होते. चिठ्ठ्या सुतळीसकट लोंबत होत्या. तिनं एक नवऱ्याला दिला, एक दिराला. धाकट्यानं सदरा काढून टपरीच्या दारावर टाकला. दोघं भाऊ लव्हाळ्यात शिरले.

"पायऱ्या कुठं होत्या, दादा?"

"आंब्याच्या सरळ रेषेत. नाही, अजून डावीकडे. आबा, कुठं?"

म्हातारा वरून काठी दाखवत होता. पण लव्हाळा माणसाच्या डोक्याच्या वर आणि खाली कुजक्या थरांची गादी. विळा मारला की अडकायचा. पाय टाकला की गुडघ्याएवढा आत.

बाई आल्या त्या दुर्बीण गळ्यात घालून. बांधाच्या खालच्या अंगाला त्या थबकल्या. कालपर्यंत नुसता पाझर होता तिथं बोटाएवढी धार लागली होती, गढूळ, आणि धारेच्या कडेनं मातीचे कण सुटत होते. बाईंना पाण्याचं शास्त्र येत होतं. त्यांच्या तोंडचा रंग उडाला.

"ताई..."

"धरा," थोरलीनं विळा त्यांच्यापुढं केला. मूठ पुढं करून.

"मला येत नाही."

"पाण्याखाली कापायचं. दांडा धरायचा, आपल्याकडे ओढायचा. चला!"

बाईंनी दुर्बीण काढून फलकाच्या खांबाला अडकवली आणि उतरल्या. छातीभर काळ्या पाण्यात, कुजक्या वासात, चौघं ओळीनं कापत पुढं सरकत होते. बाईंची बोटं लव्हाळ्यानं कापली. त्या कापत राहिल्या. मग एकाएकी ओरडल्या.

"पायाखाली काहीतरी आहे!"

"काय?"

त्यांनी पायानं चाचपून बघितलं. पाय पुढं टाकला. खाली टाकला. "दगड. सपाट." आणखी एक पाऊल खाली. "याला कोपरा आहे. घडीव आहे हो. पायरी आहे." त्या तशाच उभ्या राहिल्या. तोंडापर्यंत पाणी आलं होतं आणि डोळे थोरलीवर. जे कागदावर नव्हतं त्याच्यावर त्या दोन्ही पायांनी उभ्या होत्या.

"मी लिहीन," बाई म्हणाल्या. "मी वर लिहीन, ताई."

"लिहा. आधी बाजूला व्हा."

थोरल्यानं दोर घेऊन बुडी मारली. वर आला, मारली. तिसऱ्यांदा आला तेव्हा त्याच्या हातात दट्ट्याच्या कडीतून ओवलेल्या दोराचं टोक होतं. चौघांनी दोर धरला. ओढला. काही नाही. पुन्हा ओढला. धाकट्याच्या तळव्यांतून रक्त आलं. मग खालून कुणी दात उपटावा तसं काहीतरी सुटलं आणि चौघं एकमेकांवर पडले.

दट्ट्या निघाला. पाणी हललं नाही.

मोरीत दोन वर्षांचा गाळ बसला होता. थोरला बांध ओलांडून खालच्या तोंडाशी गेला, पहार घेऊन भोसकत राहिला. मोरी खोकली. मूठभर काळा चिखल पडला. मग आणखी मूठभर. मग करंगळीएवढं पाणी.

"आलं!" उंचवट्यावरून कोणीतरी ओरडलं.

थोरली मात्र सासऱ्याकडे बघत होती. म्हातारा उंचवट्यावर नव्हता. तो गढूळ धारेच्या वर, त्या दोन वावांच्या पट्ट्यावर बसला होता, मातीवर हात पसरून, झोपलेल्या माणसाच्या छातीवर ठेवावा तसा.

ती चिखलातून चढली आणि त्याच्या काखेत हात घातला.

"चला, मामंजी."

"दोनदा सोडून आलो त्याला."

"तिसऱ्यांदा मी सोडायला लावतेय. पाप माझं. चला."

तो हलका होता, वाळल्या पेंढीसारखा. तिनं त्याला जवळजवळ उचलून उंचवट्यावर आणला. बाई तिथं ओल्या कपड्यांत कुडकुडत उभ्या होत्या. त्यांनी कागद काढला होता, पण तो भिजून लगदा झाला होता. पेन्सिल नुसतीच हातात होती. भट्टीचा धूर सरळ वर चालला होता. खाली आळीत एक दार वाऱ्यानं उघडत होतं, लागत होतं.

मोरीची धार वाढली. करंगळीची अंगठ्याएवढी झाली, अंगठ्याची मनगटाएवढी. "सुटली," धाकटा पुटपुटला. "वहिनी, सुटली मोरी."

थोरलीनं मान वळवून बांधाकडे बघितलं.

तिथलीही गढूळ धार मनगटाएवढी झाली होती.